कंडोमचं माप : लांबी विसरा, रुंदी वाचा

कंडोमच्या पाकिटाची दर्शनी बाजू सगळेच बघतात. फ्लेवर कोणता, डॉटेड आहे की साधा, एक्स्ट्रा थिन आहे का, तीनचं पाकीट की दहाचं. मागच्या बाजूला, बॅच नंबर आणि एक्स्पायरीच्या आसपास, अनेक पाकिटांवर बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो : ४९, ५२, ५३, क्वचित ५६ मिलिमीटर. त्याच्यापुढे ‘नॉमिनल विड्थ’ असं लिहिलेलं असतं. मेडिकलमध्ये व्यवहार पटकन उरकून बाहेर पडायच्या घाईत हा आकडा वाचायला कुणी थांबत नाही. खरं तर पाकिटावर एक्स्पायरीच्या तारखेखालोखाल महत्त्वाचं काही असेल तर ते हेच, कारण कंडोम नीट बसणार, आवळणार की निसटणार हे या आकड्यावर ठरतं.

हा आकडा म्हणजे कंडोमची रुंदी. उलगडलेला कंडोम टेबलावर सपाट अंथरला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरेल ते अंतर. त्याची दुप्पट केली की कंडोमचा घेर मिळतो. ५३ मिलिमीटरच्या कंडोमचा न ताणलेला घेर १०६ मिलिमीटर, म्हणजे साडेदहा सेंटिमीटरच्या थोडा वर. ताठर लिंगाचा घेर त्याहून थोडा जास्त असायला हवा. रबर तेवढं ताणलं गेलं की पकड येते, आणि त्या पकडीवरच कंडोम जागेवर राहतो. म्हणून ४९ आणि ५३ यांतला चार मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटला, तरी घेरात तो आठ मिलिमीटरचा होतो आणि वापरताना लगेच जाणवतो.

कंडोम न बसण्याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते नसतात. अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटशी संबंधित संशोधकांनी २०१० साली ४३६ पुरुषांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंडोम आपल्याला नीट बसला नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात तो फाटण्याचं आणि निसटण्याचं प्रमाण इतरांच्या अडीचपटींहून जास्त आढळलं. लिंगाला जळजळ होण्याचं प्रमाण सुमारे पाचपट होतं. संभोग पूर्ण होण्याआधीच कंडोम काढून टाकणाऱ्यांतही अशाच पुरुषांचा भरणा अधिक होता. यातली शेवटची गोष्ट सर्वांत काळजीची. फाटलेला कंडोम निदान कळतो, त्यावर पुढचा उपाय करता येतो. ‘आवळतंय, नको’ म्हणून मध्येच काढून ठेवलेल्या कंडोमनंतर बहुतेक जोडपी काहीच करत नाहीत.

कंडोम दर वेळी आणि बिनचूक वापरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण दोन जोडप्यांत गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात तसा धरला तर हा आकडा तेरावर जातो. मधल्या अकरा जोडप्यांच्या अडचणींत विसरणं, उशिरा चढवणं, चुकीचा चढवणं हे सगळं येतं. चुकीचं माप या यादीत क्वचितच धरलं जातं, आणि ते धरायला हवं.

भारतात मापाचा विषय एकदाच मोठ्या आवाजात गाजला, आणि तोही भलत्याच कारणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या बाराशेहून अधिक स्वयंसेवकांची मापं घेऊन दोन वर्षं अभ्यास केला. डिसेंबर २००६ मध्ये त्याची बातमी जगभर झाली : सुमारे ६० टक्के भारतीय पुरुषांचं लिंग कंडोम बनवण्याच्या आंतरराष्ट्रीय मापापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर कमी भरतं. परिषदेतले प्रजनन आरोग्याचे तज्ज्ञ डॉ. चंदर पुरी यांनी तेव्हा बीबीसीशी बोलताना वेगवेगळ्या मापांचे कंडोम सहज मिळायला हवेत, असं आग्रहाने मांडलं होतं. भारतात दर पाच वापरांमागे साधारण एकदा कंडोम निसटतो किंवा फाटतो, हा आकडाही त्याच बातमीत होता. चर्चा मात्र झाली ती ‘भारतीय पुरुष लहान’ याचीच. विनोद झाले, संताप झाला, आणि मापांच्या उपलब्धतेची मूळ मागणी बाजूला पडली.

ती बातमी आज शांतपणे वाचली तर वेगळंच चित्र दिसतं. आयएसओ ४०७४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कंडोमची लांबी किमान १६० मिलिमीटर असावी लागते, आणि बाजारातले अनेक कंडोम त्याहून लांब असतात. आता दुसरा आकडा पाहा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांतली मिळून १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र केली. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी निघाली १३.१२ सेंटिमीटर आणि सरासरी घेर ११.६६ सेंटिमीटर. म्हणजे जगातल्या सरासरी पुरुषाचं लिंगसुद्धा कंडोमच्या किमान लांबीपेक्षा जवळपास तीन सेंटिमीटरनी कमीच भरतं. कंडोम मुद्दाम लांब बनवलेला असतो, कारण टोकाशी वीर्यासाठी जागा लागते आणि मुळाशी थोडी गुंडाळी उरली तरी बिघडत नाही. लांबीत कंडोमपेक्षा कमी असणं हा कुठल्या देशाचा किंवा कुठल्या माणसाचा दोष नव्हे. बहुतेक सगळ्या पुरुषांच्या बाबतीत हे असंच आहे.

म्हणून मापाचा विचार घेरापासून सुरू करावा. बांगड्या भरण्याआधी कासार हात हलकेच दाबून पाहतो आणि मगच माप काढतो, तसं हे आधी मोजायचं काम आहे. अंदाजाने ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ ठरवण्यात अर्थ नाही, कारण या शब्दांचं माप प्रत्येक कंपनीचं निराळं असतं.

मोजायला शिंप्याची मऊ टेप असली तर उत्तम. नसली तर कागदाची अरुंद पट्टी किंवा न ताणणारा दोरा चालतो. लिंग पूर्ण ताठर असताना, मध्यावर किंवा जिथे सर्वांत जाड असेल तिथे, पट्टी भोवती गुंडाळावी. घट्ट आवळू नये, सैलही ठेवू नये. दोन टोकं जिथे भेटतात तिथे पेनाने खूण करून पट्टी साध्या फूटपट्टीवर मोजावी. एका दिवसाच्या मापावर विसंबू नये. थंडी, थकवा, उत्तेजनेची तीव्रता यांमुळे काही मिलिमीटरचा फरक पडतो. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी मोजून मधला आकडा धरावा.

आता हिशेब. घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा, निम्मा करायचा आणि त्यातून तीन ते सहा मिलिमीटर वजा करायचे. उत्तर येईल ती आपल्या कंडोमची साधारण रुंदी. घेर १०५ मिलिमीटर भरला तर निम्मे साडेबावन्न. वजाबाकी करून ४७ ते ४९ च्या आसपासचा कंडोम पाहावा. घेर ११५ असेल तर निम्मे साडेसत्तावन्न, म्हणजे ५२-५३ चा चालेल. १२५ असेल तर ५७ ते ५९. वरच्या अभ्यासातली सरासरी, ११.६६ सेंटिमीटर, या हिशेबात घातली तर उत्तर ५२ ते ५५ येतं. दुकानांत ५२-५३ चे कंडोम सगळीकडे का दिसतात, याचं कारण त्यात आहे. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ माणसं असतात, आणि त्यांनी ‘सगळ्यांना चालतो तो मलाही चालायला हवा’ असं मानून त्रास काढायचं काहीच कारण नाही.

लांबीचा विचार फक्त दोन टोकांना करावा लागतो. पूर्ण उलगडूनही कंडोम मुळापर्यंत पोचत नसेल तर अधिक लांबीचा घ्यावा. उलट मुळाशी जाड गुंडाळी उरत असेल तर ती आवळते आणि लोकांना वाटतं की कंडोम घट्ट आहे. मोठ्या रुंदीचा आणला तरी आवळणं तसंच राहतं, वर निसटण्याची भीती वाढते. अशा वेळी त्याच रुंदीचा पण कमी लांबीचा कंडोम शोधावा.

हिशेबाने आलेला आकडा ही सुरुवात झाली. खरी परीक्षा अंगावर. नवीन मापाचा कंडोम पहिल्यांदा जोडीदारासोबत न वापरता एकट्याने, निवांतपणे चढवून पाहावा. चढवायला हात चालवावा लागला, उलगडताना अडला, काढल्यावर मुळाशी लाल वळ राहिला, बधिरपणा आला किंवा चढवल्यावर ताठरता ओसरायला लागली, तर तो अरुंद आहे. कंडोम चढवला की ताठरता जाते म्हणून कित्येक पुरुष मनातल्या मनात खचतात, स्वतःत काहीतरी कमी आहे असं समजतात. यातल्या काहींची अडचण केवळ काही मिलिमीटरची असते. माप बदलूनही तसंच होत राहिलं तर डॉक्टरांशी बोलावं, पण आधी पाकिटावरचा आकडा बदलून पाहावा.

सैल कंडोमची लक्षणं वेगळी. बाजूला सुरकुत्या पडतात, हालचालीत तो वर सरकत जातो, मुळाची कडी बोटाने सहज हलते. वीर्यपतनानंतर बाहेर काढताना तो आत राहून जाणं हे सैलपणाचं सर्वांत धोक्याचं लक्षण. मोठेपणाच्या हौसेने ‘लार्ज’ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कंडोमच्या मजबुतीसाठी मोठं माप घ्यायची गरज नसते. आयएसओच्या मानकानुसार कंडोमच्या नमुन्यांत हवा भरून ते फुगवले जातात, आणि ५० ते ५६ मिलिमीटर रुंदीचा कंडोम १८ लीटर हवा मावेपर्यंत फुटता कामा नये अशी अट असते. एवढं ताणणारं रबर कुणालाही ‘पुरत नाही’ असं होत नाही. प्रश्न असतो तो आरामाचा आणि पकडीचा.

माप अचूक असूनही कंडोम फाटतो तेव्हा बहुधा चढवण्यात चूक झालेली असते. पाकीट दातांनी किंवा कात्रीने फोडू नये, खाचेजवळ हाताने फाडावं. गुंडाळीची कडा बाहेरच्या बाजूला आहे ना, हे आधी पाहावं. उलटा ठेवला गेला आणि तसाच लिंगाला टेकला, तर तो परत सुलटा करून वापरू नये, फेकून नवा घ्यावा, कारण उत्तेजनेत आधी येणाऱ्या स्रावातही शुक्रजंतू किंवा रोगजंतू असू शकतात. टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि मग मुळापर्यंत उलगडावा.

आपल्याकडे बहुतेक पुरुषांची सुंता झालेली नसते, तरी कंडोमच्या सूचनांत पुढच्या त्वचेबद्दल पुरेसं सांगितलं जात नाही. चढवण्याआधी ही त्वचा हलकेच मागे घ्यावी. तशीच पुढे ठेवून कंडोम चढवला तर हालचालीत त्वचा आणि रबर वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात, आणि कंडोम सरकतो किंवा ताण येऊन फाटतो. त्वचा मागे जातच नसेल किंवा जाताना दुखत असेल तर ती उपचाराने सुटणारी अडचण आहे. त्यासाठी सर्जन किंवा मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावं.

कोरडेपणा हे फाटण्याचं आणखी एक कारण, आणि त्यावरचा घरगुती उपाय फाटण्यालाच आमंत्रण देतो. खोबरेल तेल, तूप, व्हॅसलिन, बेबी ऑइल, बॉडी लोशन यांतलं काहीही लेटेक्सच्या कंडोमला लावू नये. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेल लागल्यावर अवघ्या ६० सेकंदांत लेटेक्स कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. डोळ्यांना कंडोम तसाच दिसतो, हे त्यातलं फसवं. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनची लुब्रिकंट जेल मेडिकलमध्ये मिळते, ती वापरावी. बाहेरून पुरेशी लावावी, आतल्या टोकाला एखादा थेंब पुरे. आत जास्त झाली तर योग्य मापाचा कंडोमही निसटतो. दोन कंडोम एकावर एक चढवणं हाही असाच गैरसमज. ते एकमेकांवर घासून फाटण्याची भीती असते.

उष्णतेनेही रबर कमजोर होतं. मागच्या खिशातलं पैशांचं पाकीट, मोटारसायकलची डिकी, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड या कंडोम ठेवायच्या जागा नव्हेत. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर नाहीच नाहीत. कपाटातला थंड, कोरडा कोपरा बरा. वापरायच्या वेळी कंडोमचं पाकीट दाबून पाहावं. आतली हवा उशीसारखी लागली तर ते शाबूत आहे. चपटं, चिकट किंवा ठिसूळ लागलं तर वापरू नये.

योग्य माप मिळवायला भारतात अजून धडपड करावी लागते. लहान गावांतल्या मेडिकलमध्ये दोन-तीन ब्रँड आणि बहुधा एकच माप असतं. शहरांतल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन ४९ किंवा ५६ च्या आसपासचे कंडोम मिळू शकतात, पण विक्रीपानावर रुंदी दिली नसेल तर मागवू नये. परदेशात परिस्थिती बरी आहे. जर्मनीतल्या माय साइझ या ब्रँडचे कंडोम अनेक रुंदींत येतात. अमेरिकेत २०१७ मध्ये लांबी आणि घेर यांच्या जोड्या करून तब्बल ६० मापं विक्रीला आली. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना ही सोय हाताशी आहे. आपल्याकडे मात्र नाशिकजवळच्या सिन्नरमध्ये, छत्रपती संभाजीनगरात आणि कोल्हापूरच्या सीमेपलीकडे कणगल्यात कंडोमचे कारखाने उभे राहिले, सिन्नरचा माल आफ्रिकेपर्यंत गेला, तरी गावातल्या दुकानात मापाची निवड नाही. मागणी दिसली की दुकानदार माल ठेवतो. म्हणून विचारायला हवं. ‘४९ चा आहे का?’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

लेटेक्समुळे खाज, पुरळ किंवा सूज येत असेल तर ती मापाची नाही, ॲलर्जीची गोष्ट आहे. त्यासाठी पॉलिआयसोप्रीन किंवा पॉलियुरेथेनचे कंडोम मिळतात. पॉलियुरेथेन लेटेक्सइतकं ताणत नाही, म्हणून त्यात मापाबाबत जास्त काटेकोर राहावं. पुरुषाचा कंडोम काही केल्या नीट बसत नसेल तर स्त्रीसाठीचा कंडोम हा चांगला पर्याय आहे. तो योनीत बसतो, त्यामुळे लिंगाच्या घेराचा प्रश्नच उरत नाही. सिन्नरच्या क्यूपिड कंपनीच्या या कंडोमला संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीसाठी लागणारी मान्यताही आहे. पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही कंडोम एकाच वेळी मात्र वापरायचे नाहीत.

माप विचारण्यातला संकोच खरा आहे. तो कमी करणारी माणसं महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून वाचकांच्या अगदी खाजगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. एवढं होऊनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी फक्त साडेनऊ टक्के कंडोम वापरताना दिसली. स्त्रियांची नसबंदी होती जवळपास ३८ टक्के. गर्भनिरोधनाचा भार बायकांच्या शरीरावर टाकणारा हा हिशेब बदलायचा असेल, तर कंडोम पुरुषांना सुखाचा वाटला पाहिजे. तो सुखाचा वाटायला आधी मापाचा असला पाहिजे. जोडीदाराने यात साथ द्यावी. ‘हा तुला आवळतोय का?’ असं पत्नीने किंवा मैत्रिणीने सहजपणे विचारलं, तर पुरुषाला खोटा ताठा धरून बसावं लागत नाही. समलिंगी जोडप्यांना तर दोघांची मापं वेगळी असण्याची शक्यता धरून दोन प्रकारची पाकिटं घरात ठेवावी लागतात.

संभोगानंतर ताठरता ओसरण्याआधी, मुळाशी कंडोम धरून बाहेर यावं. वापरलेला कंडोम गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, संडासात टाकू नये. एवढी काळजी घेऊनही तो फाटला किंवा निसटला तर घाबरून न जाता वेळ पाळावी. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी, आणि जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीच्या संसर्गाची शंका असेल तर पीईपीची, म्हणजे संसर्ग रोखणारी, औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि ती २८ दिवस चालतात. त्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात लगेच जावं. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा टोल फ्री क्रमांक आहे. सरकारी दवाखान्यांत कंडोम मोफत मिळतात, आशाताईंकडेही मिळतात. त्याही पाकिटावरची रुंदी वाचा, आणि बसत नसेल तर तसं आशाताईंना किंवा दवाखान्यात स्पष्ट सांगा.